मिरचीचा हंगाम आणि मिरचीचा बाजार

वसंत ऋतूत आपल्या गावांतून दोन उद्योग एकदमच सुरू होतात. संध्याकाळी व्याख्याने सुरू होतात, आणि दुपारी गच्च्यांवर व अंगणांत मिरच्या वाळत पडतात. सभेला येताना वाटेत कांडपाच्या गिरणीवरून आला असाल, तर एखादी शिंक आपण बरोबर घेऊनच आला असाल. देठ खुडलेल्या मिरच्यांचे ढीग, धने-खोबरे भाजल्याचा वास, नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या बाया आणि चिनीमातीच्या बरणीत मसाल्याबरोबर दडपलेले हिंगाचे खडे हे चैत्र-वैशाखाचे आपल्याकडचे खरे चित्र. या चित्राला इतिहास आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. लढाया, तह आणि राज्याभिषेक यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो; जे रोज दोन वेळा ताटात येते त्याचा इतिहास कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या ताटातल्या वस्तूविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

पहिली गोष्ट ऐकून काहींना थोडे वाईट वाटेल. मिरची आपली नव्हे. निदान मुळात तरी नव्हे. सोळाव्या शतकापूर्वी भारतात कोणीही मिरची खाल्लेली नाही. खाणे शक्यच नव्हते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या पाकशाळेचे विस्तृत वर्णन आहे, हिंग आहे, मोहरी आहे, मिरे आहे, मिरची नाही. 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिखट, आंबट व खारट आहाराची आवड असणाऱ्या राजस माणसाचे वर्णन येते, आणि ज्ञानदेवांनी त्यावर भाष्य केले आहे. त्या भाष्यातले तिखट ज्या पदार्थांचे असेल, त्यांत मिरची असणे संभवत नाही. देवगिरीच्या यादवांनी, महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी, पंढरीच्या नामदेवांनी मिरचीचा ठेचा कधी चाखला नाही.

मग त्या काळी तिखट काय होते? आपल्या वैद्यकात ‘त्रिकटु’ म्हणून तीन द्रव्ये सांगितली आहेत: सुंठ, मिरे आणि पिंपळी. ही तीन, आणि जोडीला मोहरी व आले, एवढ्यावर आपल्या पूर्वजांची जीभ तृप्त होत असे. त्यांतले मिरे सर्वांत मोलाचे. परंतु मिऱ्याचा वेल मोठा हट्टी असतो. त्याला मलबारसारखी दमट हवा लागते, भरपूर पाऊस लागतो, चढायला झाड लागते, आणि लावल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. देशावरच्या काळ्या कोरड्या जमिनीत तो जगत नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या कुणब्याला मिरे हवे असेल, तर ते विकतच घ्यावे लागे, आणि ते विकत घेण्यासाठी अरब, व्हेनिसचे व्यापारी आणि पुढे पोर्तुगीज हे सारे त्याच्या आधीच रांगेत उभे असत. गरिबाच्या घरी मिरे जपूनच वापरले जाणार, हे उघड आहे.

आता मिरचीच्या माहेराकडे वळू. मिरची ही वांगी, बटाटा, टोमॅटो व तंबाखू यांच्या कुळातली. या कुळातले वांगे आपल्या भूमीतले. बाकीची मंडळी अमेरिकेतली. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत तेथील मूळच्या लोकांनी ही झाडे हजारो वर्षांपूर्वी माणसाळवली. उत्खननात सापडलेल्या भांड्यांवर आणि दळण्याच्या दगडांवर मिरचीतील पिष्टाचे कण आढळले आहेत, आणि त्यांतले सर्वांत जुने सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. 1492 साली कोलंबस पश्चिमेकडे निघाला तो मिऱ्याच्याच शोधात. त्याला भारत सापडला नाही, मिरेही सापडले नाही. सापडली ती मिरची. 15 जानेवारी 1493 च्या त्याच्या रोजनिशीत तिथल्या लोकांच्या ‘अही’ नामक तिखटाची नोंद आहे, आणि ते मिऱ्यापेक्षा सरस असल्याचा अभिप्रायही आहे. ज्याच्यासाठी घर सोडले त्याच्याहून चांगली वस्तू हाती आली, आणि युरोपच्या बाजारात मात्र तिला मिऱ्याचा भाव कधी मिळाला नाही; कारण ती कोणाच्याही परसात उगवू लागली. जी वस्तू सर्वांना पिकविता येते तिच्यावर मक्तेदारी चालत नाही. मिरचीच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका वाक्यात आहे, आणि आम्ही शेवटी पुन्हा त्याच वाक्यापाशी येणार आहोत.

1498 साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ब्राझीलचा किनारा आणि गोवा एकाच सत्तेखाली आले. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू ही सारी मंडळी त्याच वाटेने आली, आणि मिरचीही त्यांच्यासोबत उतरली. ती नेमकी कोणत्या जहाजातून आली हे सांगणारा कागद नाही. वाणसामानाबरोबर येणाऱ्या वस्तूची नोंद कोण ठेवतो? परंतु जुन्या इंग्रजी कोशांत मुंबईकडचे तिचे एक नाव ‘गोवाई मिरची’ असे दिलेले आढळते. वस्तू कोणत्या दारातून घरात आली, ते या नावावरून कळते.

ती किती हळूहळू पसरली असेल याचीही कल्पना करता येते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला आणि तेथेच राहिला. हिंदुस्थानातील औषधी व वनस्पती यांवरचा त्याचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात मिऱ्यावर स्वतंत्र संवाद आहे. मिरचीचा उल्लेख नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली. त्यात बादशहाच्या मुदपाकखान्यातील पदार्थांची यादी प्रमाणासह आहे. तीतही तिखटासाठी मिरे आणि आले आहे, मिरची नाही. म्हणजे दरबारांना आणि पंडितांना मिरचीची दखल घ्यावीशी वाटली नाही. ती मागल्या दाराने, परसातून, गरिबाच्या चुलीकडे गेली. इकडे युरोपात गंमत अशी झाली, की 1542 साली लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात मिरचीचे चित्र दिले आणि तिला ‘कालिकतचे मिरे’ म्हटले. मिरची हिंदुस्थानातली, असा त्याचा समज होता. पन्नास वर्षांत पाहुणी घरची झाल्याचा हा पुरावा नव्हे, गैरसमजाचा पुरावा आहे. परंतु तो गैरसमज भविष्य ओळखणारा ठरला!

भाषेची साक्ष याहून बोलकी आहे. बटाटा आला तो आपले नाव घेऊन आला. काजू, अननस, पपई यांनीही आपापली परदेशी नावे सोडली नाहीत. पेरूने तर देशाचेच नाव मिरवले. मिरचीने मात्र आपले मेक्सिकोतले नाव टाकून दिले. संस्कृत ‘मरिच’, त्याचे मराठी ‘मिरे’, आणि त्यावरून ‘मिरची’. हीच कथा शेजाऱ्यांकडेही दिसते. तमिळात मिऱ्याला ‘मिळगु’ आणि मिरचीला ‘मिळगाय’, म्हणजे मिऱ्याचे फळ. कन्नडात ‘मेणसु’ आणि ‘मेणसिनकायि’. गुजरातीत ‘मरी’ आणि ‘मरचां’. असे का व्हावे? बटाट्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून जागा नव्हती. त्याने नवी जागा केली आणि नवे नाव रुजविले. मिरचीसाठी जागा तयार होती. तिखटाची भूक जुनीच होती, फक्त ती भागविणारे मिरे महाग होते. मिरची त्या रिकाम्या पाटावर येऊन बसली आणि त्या पाटाचेच नाव तिला मिळाले.

जुन्याची खूण काही ठिकाणी अजून राहिली आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात मिरची, बटाटा आणि टोमॅटो चालत नाहीत. काही घरांतून श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरे घालण्याचा रिवाज आहे. पितरांना जे माहीत होते तेच त्यांच्या पानात वाढावे, असा त्यामागचा भाव असेल, तर तो इतिहासाच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे. उलट आपल्या उपवासाकडे पाहा. शेंगदाणे अमेरिकेतले, बटाटा अमेरिकेतला, रताळे अमेरिकेतले, आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद अमेरिकेतला, आणि खिचडीतली हिरवी मिरची तीही अमेरिकेतली. एकादशीच्या पवित्र ताटात तूप, जिरे आणि मीठ वगळता सारे पाहुणेच बसलेले असतात! आणि बाळाची दृष्ट काढायला आपण जी मीठ-मिरची ओवाळतो, दुकानाच्या दारावर शनिवारी जे लिंबू-मिरची टांगतो, त्यातली मिरचीही तीच. परक्याची नजर लागू नये म्हणून आपण परकीलाच पहाऱ्यावर बसविले आहे. हे सांगण्यात आम्हांला कोणाच्या श्रद्धेची थट्टा करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच, की परंपरा ही बंद पेटी नसते. चारशे-साडेचारशे वर्षांत एखादी वस्तू इतकी आपली होते, की ती नव्हती असा काळ कल्पनेतही येत नाही.

ती आपली कोणी केली? येथे आमच्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. राजाने फर्मान काढले नाही, कोणा आचार्याने उपदेश केला नाही. हे काम हंगामाने केले.

मिरचीचे वर्ष असे असते. खरिपाचे रोप मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकतात. चार-पाच आठवड्यांनी, पावसाचा अंदाज पाहून, त्याची लागण करतात. सप्टेंबरच्या सुमारास हिरवी मिरची तोडायला येते. तीच झाडावर ठेवली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून लाल होऊ लागते, आणि तोडे घेत घेत फेब्रुवारीपर्यंत हंगाम चालतो. ज्यांच्याकडे पाणी आहे ते जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी मिरची लावतात. परंतु कडक उन्हात फुले गळतात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर हिरवी मिरची बहुधा महाग होते. म्हणजे हिरव्या मिरचीला स्वस्ताईचे दिवस आहेत आणि महागाईचेही आहेत. ती टिकत नाही. आठवड्याभरात सुकते किंवा सडते.

वाळलेल्या मिरचीची तऱ्हा वेगळी. ओल्या लाल मिरचीत बराचसा भाग पाण्याचा असतो. उन्हात आठ-पंधरा दिवस पसरली, वरखाली केली, म्हणजे शंभर किलो ओल्या मिरचीची पंचवीस ते पस्तीस किलो वाळलेली मिरची होते. आता ती वर्षभर टिकते. हिवाळ्यात पिकलेले तिखट उन्हाळ्यात कुटून पावसाळ्यात खाता येते. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या भरणीला ‘आगोट’ म्हणतात. चार महिने वाट बंद, बाजार बंद, मासळी बंद. त्या दिवसांसाठी घरात जी बेगमी करावयाची तिच्यात तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि मिरची यांचा मान पहिला. ज्या घरात बरणी भरलेली आहे त्या घरात भाजी नसली तरी भाकरी घशाखाली उतरते. ठेचा, खर्डा, तिखटाचा गोळा आणि वर तेलाची धार एवढ्यावर या महाराष्ट्रात किती पिढ्यांनी नांगर धरला, त्याची गणती नाही.

शास्त्राने पुढे या अनुभवाला दुजोरा दिला. हंगेरीतील सेगेड या गावी सेंट-ग्यॉर्गी यांनी 1930 च्या पुढच्या दशकात तिथल्या लाल मिरचीतूनच क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात वाळविताना हे जीवनसत्त्व बरेच उडून जाते. ते घ्यावयाचे तर हिरवी मिरचीच खावी. तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन बियांत नसून आतल्या पांढऱ्या शिरांत असते. त्याची आग सस्तन प्राण्यांना जाणवते, पक्ष्यांना जाणवत नाही. पोपटाला मिरची गोड का लागते, हे आजीला ठाऊक नव्हते, पण पिंजऱ्यात मिरची टाकावी हे ठाऊक होते. ही आग शरीरातील कोणत्या दाराने आत शिरते याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मिऱ्याने गरिबाला वाट पाहायला लावले. मिरचीने त्याच्या हातात बी दिले. हेक्टरभर लागणीला किलो-सव्वा किलो बी पुरते. घरच्या परसाला तर चार मिरच्यांचे बी पुष्कळ. तेही विकत आणावे लागत नसे. चांगल्या झाडाची, चांगल्या रंगाची फळे बायका निवडून ठेवीत आणि पुढच्या मृगाला पेरीत. अशी शेकडो मृगे गेली. जमीन वेगळी, पाऊस वेगळा, जिभेची आवड वेगळी; त्यामुळे एका पाहुणीच्या नाना लेकी झाल्या. लवंगेएवढी पण आगीसारखी लवंगी; लांब, बारीक, सुरकुतलेली संकेश्वरी; रंगाने गडद आणि तिखटाने सौम्य अशी ब्याडगी, तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन भेद; नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी; गोव्यात काणकोणाकडची खोला आणि पेडण्याकडची हरमल. ब्याडगीला 2011 साली, खोला मिरचीला 2019 साली आणि हरमल मिरचीला 2021 साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. सरकारी नोंदवहीत आज जे नाव चढले ते मुळात अनाम शेतकरी स्त्रियांच्या निवडीने घडलेले आहे, हे विसरता कामा नये.

आता बाजाराकडे येऊ. जी वस्तू वाळविता येते ती दूर पाठविता येते, आणि जी दूर पाठविता येते तिचा व्यापार होतो. हिरव्या मिरचीचा बाजार गावच्या आठवड्याच्या बाजारापाशी थांबत असे. वाळलेली मिरची बैलगाडीतून, मग आगगाडीतून, पुढे मालमोटारीतून निघाली. मिरच्यांची नावे पाहा: संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी. ही बहुतेक बाजाराच्या गावांची नावे आहेत. संकेश्वरीचे मोठे सौदे गडहिंग्लजला होतात. ब्याडगीच्या बाजारात येणारी पुष्कळशी मिरची आसपासच्या तालुक्यांतली नसून बळ्ळारी, रायचूर आणि आंध्राच्या बाजूने येते. पिकविणाऱ्याचे गाव मागे पडते आणि विकणाऱ्याचे गाव नावाला चिकटते, हा व्यापाराचा जुनाच नियम आहे.

आंध्रातील गुंटूर या सर्वांत मोठ्या पेठेची गोष्ट वेगळ्या प्रमाणावर चालते. तेथे लाम येथील संशोधन केंद्रातून नवी वाणे निघाली, कालव्याचे पाणी आले, आणि भोवती शंभराहून अधिक शीतगृहे उभी राहिली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची पुसा ज्वाला, राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योती, आणि त्यानंतर खाजगी कंपन्यांची संकरित बियाणी यांनी उत्पादन वाढविले. आज भारत हा जगातील मिरचीचा सर्वांत मोठा उत्पादक, सर्वांत मोठा निर्यातदार आणि सर्वांत मोठा खवय्याही आहे. ब्याडगीचा लाल रंग काढून त्याचा अर्क परदेशी जातो आणि खाद्यपदार्थांना, ओठांच्या लालीलाही रंग देतो. मेक्सिकोची लेक आता भारतातून साऱ्या जगाला निघाली आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा व्यापार डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर थंडीच्या दिवसांत नंदुरबारला जावे. तेथे ओली लाल मिरचीच बाजारात येते. व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर पसरतात. या पटांगणांना तिकडे ‘पथारी’ म्हणतात. नजर पोहोचेल तिथवर लाल जमीन दिसते, आणि तीत देठ खुडणाऱ्या, उलथापालथ करणाऱ्या मजूर बाया दिसतात. दिवसभर मिरचीत बसलेल्या त्या हातांना रात्री किती आग होत असेल, हे तिखटाचा डबा उघडताना आपल्या मनात येत नाही. आणि एवढ्यात आभाळ भरून आले तर? अवकाळी पावसाची एक सर पथारीवरच्या मालाचा रंग घालविते, बुरशी आणते. शेतात उभ्या असलेल्या मिरचीचीही तीच गत होते. जी मिरची हंगामाच्या कृपेने आपली झाली, ती हंगामाच्या लहरीवरच टांगलेली आहे.

संकटे आणखीही आहेत. पाने आकसविणारा चुरडा-मुरडा, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, तो जुना वैरी. 2021 साली फुलकिड्यांची एक परदेशी जात तेलंगण, आंध्र व कर्नाटकातील मिरचीवर तुटून पडली आणि फुलेच राहिली नाहीत. औषधे फवारावी तर खर्च वाढतो आणि फवाऱ्याचा अंश मालात उतरतो. बाजारानेही आपली काळी बाजू दाखविली. 2003 साली भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत ‘सुदान’ नावाचा कापडाचा, तेलाचा रंग फ्रान्समध्ये सापडला. युरोपने तपासणी बंधनकारक केली, आणि आपल्या मसाला मंडळालाही निर्यातीपूर्वीची परीक्षा सक्तीची करावी लागली. निकृष्ट मालाला लाल करून विकणाऱ्या थोड्यांच्या लोभाचा दंड सर्वांनी भरला.

परंतु सर्वांत खोल घाव भावाचा आहे. 11 मार्च 2024 रोजी ब्याडगीच्या बाजारात भाव एकाएकी कोसळले. दूरदूरहून मिरची घेऊन आलेले शेतकरी खवळले. बाजार समितीच्या कार्यालयाची मोडतोड झाली, वाहने जाळली गेली. जाळपोळीचे समर्थन कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण असे का झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, आंध्रातील मिरचीसाठी केंद्र सरकारला बाजार-हस्तक्षेप योजना लावावी लागली आणि क्विंटलला 11,781 रुपये हा भाव आधार म्हणून धरावा लागला. असा हस्तक्षेप अडचणीच्या वर्षापुरता असतो. किमान आधारभूत किमतीच्या नेहमीच्या यादीत गहू, तांदूळ, कापूस आहे, मिरची नाही.

काही सूज्ञ मंडळी म्हणतील, की यात नवल ते काय? भाव चढतो तेव्हा शेतकरी घेतोच ना. उतरला म्हणजे सोसावा. मागील साली भाव चांगला मिळाला म्हणून सर्वांनीच मिरची लावली, त्याला बाजार काय करणार? या आक्षेपात तथ्य आहे. शीतगृहे नसती तर सुगीच्या दिवसांत मिरची मातीमोल झाली असती आणि श्रावणात आपल्याला ती दिसलीही नसती, हेही खरे आहे. व्यापारी वर्षभर माल सांभाळतो, त्याचे भांडवल गुंतते, जोखीम तोही घेतो. आम्ही व्यापाराला शिव्या देण्यासाठी उभे नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्याच्या अंगी थांबण्याची ताकद आहे त्याला भाव मिळतो. माल ओला असतो तेव्हा घाई असते. माल वाळला, शीतगृहात गेला, म्हणजे घाई संपते. मिरचीच्या इतिहासाचे सारे पुण्य या थांबण्यात होते. मिरे विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घराला मिरचीने स्वतःच्या अंगणात वाळविण्याची, बरणीत भरण्याची, आपल्या सोयीने वापरण्याची शक्ती दिली. आज तीच मिरची पिकविणारा शेतकरी बियाण्याचे, औषधाचे, तोडणीच्या मजुरीचे कर्ज डोक्यावर घेऊन बाजारात उभा असतो. त्याला थांबता येत नाही. ओल्या मिरचीची पोती परत नेता येत नाहीत. थांबण्याची शक्ती अंगणातून निघून पथारीवर गेली, पथारीवरून शीतगृहात गेली. बीही घरचे राहिले नाही. संकरित वाणाचे बी दर वर्षी विकतच घ्यावे लागते. जी वस्तू सर्वांना पिकविता येते तिच्यावर मक्तेदारी चालत नाही, असे आम्ही आरंभी म्हणालो. ते वाक्य आता पुरे केले पाहिजे: पिकविणे सर्वांच्या हाती राहिले, तरी बी आणि साठवण थोड्यांच्या हाती गेली, की मक्तेदारी मागल्या दाराने परत येते. ज्या दाराने एकदा मिरची आली होती, तेच हे दार.

यावर उपाय नाही असे नाही, आणि ते फार मोठे अवघडही नाहीत. गावात वाळवणीसाठी पक्के ओटे आणि वर आच्छादन असले, तर अवकाळी सरीने वर्ष बुडणार नाही. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साठवण केली आणि गोदामातील मालाच्या पावतीवर त्यांना वेळेवर उचल मिळाली, तर सुगीतच विकण्याची सक्ती राहणार नाही. लवंगी, संकेश्वरी, भिवापुरी यांचे अस्सल बी जपणाऱ्याला त्या नावाचा भाव मिळाला, तर नोंदवहीतील नाव शेतातही टिकेल. आणि यात शहरवासी श्रोत्यांचाही वाटा आहे. आपण लालभडक रंग पाहून तिखट घेतो, म्हणून कोणी रंग मिसळतो. आपण पुड्यावरचे नाव वाचतो, मिरचीचे नाव विचारीत नाही, म्हणून जुनी वाणे मागे पडतात. खरेदी करणाऱ्याच्या अज्ञानावर जितकी लूट चालते तितकी दुसऱ्या कशावरही चालत नाही.

आम्ही लहान असताना घरी मिरच्या आणल्या, की त्यांतली एक मोडून आजी वास घेई, दुसरी हातात दाबून कुरकुरते का ते पाही, आणि मग विचारी, ‘कुठली रे बाबा ही?’ विकणाराही गावाचे नाव सांगे. खोटे सांगितले तर तिला कळे. तो प्रश्न साधा होता, परंतु त्यात साडेचार शतकांचे शहाणपण होते. मेक्सिकोतून निघालेली, पोर्तुगीजांच्या जहाजात बसलेली, गोव्याच्या बंदरात उतरलेली ती पाहुणी अशा प्रश्नांमुळेच घरची झाली. कोणीतरी तिला निरखले, निवडले, जपले, तिचे बी पुढच्या मृगासाठी उतरंडीत ठेवले.

उद्या सकाळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मिरच्या वाळत घालायच्या असतील. त्या पसरताना हाताला जी आग होईल ती क्षणाची. ती होत असता, ‘कुठली ही?’ एवढे आपण विचारले, आणि उत्तर ऐकण्यास थांबलो, तर आजच्या व्याख्यानाचे काम झाले असे आम्ही समजू.